राहून गेलेली सही



पर्युषणाचा अंक जवळ आला की या सदराच्या वाचकांकडून एक प्रेमळ सूचना हमखास येते. मुदतठेवी, नामनिर्देशन, वारसनोंद हे विषय वर्षभर चालतीलच. या अंकात मात्र क्षमापनेविषयी लिहावे. ही सूचना मी दरवर्षी शिरोधार्य मानतो. यंदाही मानली आहे. फक्त या वेळी त्या विषयाकडे जाणारी माझी वाट रग्बी नावाच्या खेळाच्या मैदानातून जाते. तेवढे अंतर वाचकांनी माझ्याबरोबर चालावे, अशी विनंती आहे.

९ ऑगस्ट, शनिवार, राखीपौर्णिमा. सोयाबीन अजून शेतात उभे, त्यामुळे चिखलीच्या बाजार समितीत उलाढाल थोडी आणि दुकानेही दुपारनंतर सुस्तावलेली. राख्या बांधून झाल्यावर मी मोबाईल घेऊन ओसरीवर बसलो. वीस वर्षांखालील मुलामुलींची आशियाई रग्बी सेव्हन्स स्पर्धा त्याच दिवशी बिहारमध्ये सुरू होत होती. आमच्या सौ. नी सहज विचारले, "कुठे आहे हे मैदान?" मी म्हणालो, "राजगीरला. म्हणजे आपल्या राजगृहीत." हातातले ताट खाली ठेवून त्या मोबाईलमध्ये डोकावल्या.

राजगृही हा शब्द जैन कानांना नवा नाही. विसावे तीर्थंकर मुनिसुव्रतस्वामी यांची ही जन्मभूमी. भगवान महावीरांनी राजगृही आणि नालंदा परिसरात चौदा वर्षावास केले, असे कल्पसूत्र सांगते. राजा श्रेणिक येथलाच. दिवाळीच्या वहीपूजनात आपण पहिल्या पानावर ज्याच्या ऋद्धीची इच्छा लिहितो तो शालिभद्र आणि ज्याच्या बुद्धीची याचना करतो तो अभयकुमार, हे दोघेही राजगृहीचेच. आपल्या महाराष्ट्रात जन्मलेल्या आणि १९८७ साली आचार्यपद मिळालेल्या पहिल्या साध्वी चंदनाजी यांनी आपल्या सेवाकार्यासाठी हीच भूमी निवडली. वीरायतन तेथेच उभे आहे. त्या पाच टेकड्यांच्या गावात, ऐन चातुर्मासात, भारताच्या मुली अंडाकृती चेंडू छातीशी धरून धावत होत्या. दृश्य अपूर्व होते, एवढे मान्य करावेच लागेल.

चिखलीतल्या सेवानिवृत्त बँक अधिकाऱ्याला रग्बीचे वेड कसे, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर मुंबईच्या पावसात आहे. १९९८ साली माझी बदली फोर्ट भागातील एका शाखेत झाली. कुटुंब चिखलीलाच होते. सायंकाळी हिशेब जुळला की मी पायी स्थानकाकडे निघे. वाटेत आझाद मैदानाला लागून बॉम्बे जिमखान्याचे मैदान लागते. ही संस्था १८७५ सालची. पावसाळ्यात तेथे रग्बी चाले. जुलैच्या एका संध्याकाळी कुंपणापाशी थांबलो, तर गुडघाभर चिखलात तीस धिप्पाड माणसे एकमेकांना लोळवत होती. हा खेळ आहे की मारामारी, असा प्रश्न मला पडला. शेजारी छत्री घेऊन उभे असलेले वयोवृद्ध पारशी गृहस्थ आमच्याच शाखेचे खातेदार निघाले. त्यांनी मला ओळखले आणि त्या दिवसापासून पुढे तीन पावसाळे मला हा खेळ शिकवला.

त्यांची शिकवण्याची रीत मला मानवणारी होती. खातेवही वाचतो तसा सामना वाचावा, असे ते म्हणत. प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की तो 'ट्राय', त्याचे ५ गुण. त्यानंतर चेंडू लाथाडून खांबांमधून पार केला की आणखी २. समोरच्याने नियम मोडल्यावर मिळालेली पेनल्टी खांबांमधून मारली तर ३. मूळ खेळात प्रत्येक बाजूला पंधरा खेळाडू आणि वेळ ८० मिनिटांची. ऑलिंपिकमध्ये २०१६ पासून आलेल्या 'सेव्हन्स' प्रकारात सात खेळाडू आणि सात-सात मिनिटांचे दोन डाव. मैदान मात्र तेवढेच मोठे, त्यामुळे दम लागतो तो सातांनाच अधिक.

एका नियमाने मात्र मला कायमचे बांधून ठेवले. रग्बीत हाताने चेंडू पुढे फेकता येत नाही. सहकाऱ्याला द्यायचा तर बाजूला किंवा मागे द्यायचा. पुढे जायचे तर स्वतः धावायचे, आणि अडवले गेलो तर मागून येणाऱ्याच्या हाती चेंडू सोपवायचा. मागे कोणी नसेल तर कितीही बलवान गडी तेथेच संपतो. आपल्या पेढ्यांमध्ये तीन पिढ्या एका गादीवर बसतात, त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

त्याच पारशी गृहस्थांनी मला एका बंद झालेल्या खात्याची कथा सांगितली. बँकेच्या नोकरीत मी शेकडो खाती बंद होताना पाहिली, पण इतके देखणे खाते बंद झालेले ऐकिवात नाही. १८७२ च्या नाताळात कोलकात्यात इंग्रजांनी आपसांत रग्बीचा सामना खेळला आणि पुढील महिन्यात कलकत्ता फुटबॉल क्लब स्थापन झाला. काही वर्षांतच क्लबला उतरती कळा लागली. सैन्याची एक पलटण कोलकात्यातून हलली, सभासदांना टेनिस आणि पोलो अधिक सोयीचे वाटू लागले. आणि असेही सांगतात की क्लबमध्ये मिळणारी फुकटची दारू बंद झाल्याबरोबर कित्येकांचे क्रीडाप्रेमही आटले. व्यसनाच्या आधारावर उभी राहिलेली सभासदसंख्या किती टिकाऊ असते, याविषयी आपल्या वाचकांना अधिक काय सांगावे?

खात्यावर शिल्लक होती. ती वाटून घ्यावी, मेजवानीत उडवावी, असे पर्याय होते. क्लबचे चिटणीस आणि खजिनदार रॉथनी यांच्या पुढाकाराने सभासदांनी वेगळा निर्णय घेतला. शिल्लक रक्कम चांदीच्या रुपयांत काढून घेतली, ते २७० रुपये वितळवले आणि त्यांचा एक चषक घडवून १८७८ साली इंग्लंडच्या रग्बी संघटनेला भेट दिला. आपल्या सराफ बंधूंसाठी हिशेब सांगतो : त्या काळचा रुपया बरोबर एक तोळ्याचा, म्हणजे ही चांदीची नाणी झाली २७० तोळे, जुन्या मापाने ३ शेर ३० तोळे. चषकाला तीन नागांच्या मुठी आहेत आणि झाकणावर हत्ती आहे. १८७९ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड हे दोन देश या 'कलकत्ता कप'साठी झुंजत आले आहेत. २०२५ च्या फेब्रुवारीत इंग्लंडने तो १६-१५ असा अवघ्या एका गुणाने जिंकला. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी हिंदुस्थानातील एका बंद खात्यातून निघालेले रुपये अजून चलनात आहेत, असे मी म्हणतो ते याच अर्थाने.

मात्र ज्या देशाच्या नाण्यांचा हा चषक, त्या देशाचा स्वतःचा संघ आंतरराष्ट्रीय मैदानात उतरला तो १९९८ साली. आज भारतीय रग्बी संघटनेचे अध्यक्ष असलेले अभिनेते राहुल बोस त्या पहिल्या संघात खेळाडू म्हणून होते. माझी मुंबईची बदलीही त्याच वर्षीची, म्हणून मी गमतीने म्हणतो की भारतीय रग्बी आणि माझे रग्बीप्रेम समवयस्क आहेत. या समवयस्काने मला सुखापेक्षा संयमच अधिक शिकवला. क्रिकेटचा चाहता हरल्यावर चिडतो. भारतीय रग्बीचा चाहता कमी गुणांनी हरल्यावर पेढे आणतो. आशियात जपान, हाँगकाँग, चीन आपल्या कितीतरी पुढे आहेत. पराभवाच्या वर्षामागून वर्षे खतावत असताना लाभ-हानीविषयी समभाव ठेवण्याचा जेवढा सराव झाला, तेवढा माझ्या सामायिकातही झाला असेल की नाही, याची मला शंका आहे.

जमेची पहिली ठसठशीत नोंद मुलींनी केली. भारताचा महिलांचा पंधरा जणींचा संघ २०१८ साली प्रथमच उतरला आणि सिंगापूरला दोन्ही सामने हरून परतला. कर्णधार होती पुण्याची वाहबीझ भरुचा, व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट. पुढच्याच वर्षी, जून २०१९ मध्ये, मनिला येथे त्याच सिंगापूरविरुद्ध भारताने २१-१९ असा विजय मिळवला. अखेरच्या मिनिटांत ओडिशाच्या सुमित्रा नायकने मारलेल्या पेनल्टीने पारडे फिरवले. पंधरांच्या खेळातला भारतीय महिलांचा हा पहिला आंतरराष्ट्रीय विजय. बिहारच्या बाढ परिसरातील स्वीटी कुमारी त्याच पिढीतली. तिला त्या वर्षी सर्वोत्तम युवा आंतरराष्ट्रीय खेळाडूचा सन्मान मिळाला. २१-१९ हे आकडे मी त्या दिवशी माझ्या रोजनिशीत लिहिले आणि खाली दोन रेघा ओढल्या. ताळा जुळल्यावर आम्ही बँकेत ओढत असू तशा.

२०२५ चा हंगाम जूनमध्ये मुंबईला सुरू झाला. अंधेरीच्या शहाजी राजे भोसले क्रीडा संकुलात १५ ते २९ जून या काळात रग्बी प्रीमियर लीग ही सहा संघांची नवी स्पर्धा झाली. चार-चार मिनिटांचे चार डाव, जगभरातले नामवंत खेळाडू आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून आपली मुले. अंतिम सामन्यात चेन्नईने दिल्लीचा ४१-० असा धुव्वा उडवला. सामना एकतर्फी झाला, तरी माझे लक्ष गुणफलकाकडे कमीच होते. ज्यांची नावे मी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात भिंग लावून शोधत असे, ती भारतीय मुले दिव्यांच्या झगमगाटात धावताना पाहणे हाच माझा लाभांश होता.

आणि मग ऑगस्टमध्ये राजगीर. रविवारी, १० तारखेला, कांस्यपदकासाठी भारताच्या मुलींची गाठ उझबेकिस्तानशी पडली. सामना १२-५ असा आपण जिंकला. आता वाचकांना हे आकडे स्वतः फोडता येतील. आपले १२ म्हणजे दोन ट्राय आणि त्यांपैकी एकावर मिळालेले जादा दोन. त्यांचे ५ म्हणजे एक ट्राय, ज्यावर जादा काही मिळाले नाही. चौदा मिनिटांच्या खेळात इतकेच घडले. पण त्या चौदा मिनिटांत प्रत्येक मुलगी किती वेळा पडली आणि किती वेळा उठली, हे कोणत्याच फलकावर येत नाही. सामना संपल्यावर दोन रांगा करून एकमेकींना टाळ्या वाजवीत वाट करून देण्याची या खेळात रीत आहे. ज्यांना क्षणापूर्वी जमिनीवर पाडले, त्यांच्यासाठी मार्ग मोकळा करायचा. सौ. एव्हाना माझ्या शेजारी बसून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "हे बरे आहे. मनात ठेवून घरी जायचे नाही."

एवढ्यावर लेख संपला असता तर तो क्रीडावृत्त झाला असता. पण पुढच्या आठवड्यात पुण्याहून आमच्या कन्येने मोबाईलवर एका कागदाचे छायाचित्र पाठवले. नात नववीत आहे. तिच्या शाळेत रग्बीचा संघ होत असून तिची निवड झाली आहे. कागद पालकांच्या संमतिपत्राचा होता, आणि पालकाच्या सहीचा रकाना कोरा होता. सोबत कन्येचा एकच प्रश्न : "पप्पा, तुम्हांला काय वाटते?"

घरात त्या रात्री चर्चा झाली. राजगीरचा सामना कौतुकाने पाहणाऱ्या सौ. नातीच्या बाबतीत एकदम बदलल्या. परक्याच्या मुलीने पडणे वेगळे आणि आपल्या पोरीने पडणे वेगळे. शिवाय त्यांनी विचारलेला प्रश्न टाळण्याजोगा नव्हता. पाण्यातही जीव आहेत म्हणून आपण ते गाळून घेतो. मग माणसाने माणसाला आपटण्याचा खेळ आपल्या घरातल्या मुलीने खेळावा का?

मी शास्त्री नाही. यातला अंतिम शब्द साधू-साध्वींचा. पण श्रावक म्हणून जे वाचले, त्यावर विचार केला. आपल्या परंपरेत हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार सांगितले आहेत आणि संकल्पी हिंसा, म्हणजे मारण्याच्या हेतूने केलेली हिंसा, गृहस्थानेही सोडावी असे म्हटले आहे. उमास्वातींनी हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला, म्हणजे बेसावध आणि कषाययुक्त वृत्तीला, मध्यवर्ती स्थान दिले. रग्बीचे नियम या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. ज्याच्या हाती चेंडू नाही त्याला पाडता येत नाही. खांद्याच्या रेषेवर पकडता येत नाही. हवेत उडी घेतलेल्याला धक्का देता येत नाही. प्रमाद झाला की पिवळे कार्ड दाखवून सेव्हन्समध्ये दोन मिनिटे बाहेर बसवतात, आणि त्याचा भुर्दंड उरलेल्या सहा जणींना सोसावा लागतो.

आणि वहीपूजनाच्या त्याच पानावर आपण आणखी एक मागणे लिहितो, ते बाहुबलीच्या बळाचे. त्या बळाची कथा आठवावी. भरत आणि बाहुबली यांची सैन्ये समोरासमोर उभी ठाकली तेव्हा निरपराध सैनिकांचा संहार टळावा म्हणून दोघा भावांनी आपसांतच दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध करावे, असे ठरले. रक्तपात टाळण्यासाठी नियमांनी बांधलेली झुंज निवडणे आपल्या पुराणांना परके नाही. जिंकण्याच्या क्षणी हात आवरणारा बाहुबली आपल्याला पूज्य वाटतो. पण हात आवरण्याचे मोल त्याच्याच हाताला, ज्यात बळ आहे.

तथापि हिशेब लिहिणाऱ्याने नावे बाजू लपवू नये. हा खेळ धोक्याचा आहे. २००३ साली इंग्लंडला विश्वचषक जिंकून देणाऱ्या संघातील स्टीव्ह थॉम्प्सन यांना चाळिशीतच स्मृतिभ्रंशाने गाठले. आपण विश्वचषक जिंकल्याचे त्यांना आठवत नाही, असे त्यांनीच २०२० मध्ये जाहीर केले. डोक्याला वारंवार बसलेल्या धक्क्यांबद्दल तिकडच्या अनेक माजी खेळाडूंनी न्यायालयात दाद मागितली आहे. म्हणून मी कन्येला तीन गोष्टी विचारण्यास सांगितले. प्रशिक्षक अर्हताप्राप्त आहेत का? डोक्याला मार लागल्याचा नुसता संशय आला तरी मुलीला तत्काळ बाहेर काढण्याचा नियम पाळला जातो का? मैदानाजवळ वैद्यकीय मदत असते का? कर्ज मंजूर करताना तारण पाहतो, तसे हे. ही उत्तरे समाधानकारक मिळाल्यावरच सही व्हावी.

इतका शहाणा सल्ला देऊन मी झोपायला गेलो आणि झोप आली नाही.

१९९६ सालची गोष्ट. तेव्हा मी वऱ्हाडातल्याच एका तालुक्याच्या गावी शाखेत होतो. हीच कन्या तेव्हा नववीत होती. शाळेच्या कबड्डी संघातून तिची जिल्ह्याच्या संघात निवड झाली आणि विभागीय स्पर्धेसाठी अमरावतीला जायचे ठरले. तिने असाच एक कागद माझ्यासमोर ठेवला होता. दिवसाकाठी शे-दीडशे सह्या करणारा मी, त्या कागदावर सही केली नाही. "परीक्षा जवळ आली आहे," असे मी सांगितले. परीक्षा जवळ आली नव्हती. खरी कारणे वेगळी होती. मुलगी अर्ध्या चड्डीत मैदानावर उतरणार, दोन रात्री परगावी राहणार, गुडघ्याला खोक पडली तर उद्या स्थळ पाहायला आलेल्यांना काय सांगायचे, आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे समाजातले लोक काय म्हणतील. कागद टेबलावर पेपरवेटखाली राहिला. सकाळी तो तेथे नव्हता. कन्येने त्याविषयी पुन्हा कधी एक शब्द काढला नाही. ती उत्तम शिकली, आज पुण्यात स्वतःचा व्यवसाय सांभाळते. म्हणून मी समजत होतो की ते खाते केव्हाच मिटले.

संवत्सरीला आपण सारेच क्षमा मागतो. हल्ली एकच मजकूर एका बोटाने चारशे जणांना जातो : जाणते-अजाणतेपणी काही चुकले असल्यास. मीही पाठवतो. पण बँकेत एक धडा पहिल्याच वर्षी शिकवला जातो. ज्या रकमेचा ठावठिकाणा नीट लिहिता येत नाही, ती तात्पुरती संकीर्ण खात्यात टाकतात. तेथे ती सुरक्षित असते, ताळेबंदही जुळतो. मात्र नोंद योग्य खात्यात वळवल्याशिवाय तो व्यवहार पूर्ण झाला असे कोणताही तपासनीस मानत नाही. 'जाणते-अजाणतेपणी' हे माझे संकीर्ण खाते होते. एकोणतीस वर्षे मी दर संवत्सरीला कन्येची क्षमा त्या खात्यातून मागत आलो आणि दर वेळी तिनेही रीतीप्रमाणे "मिच्छामि दुक्कडम्, पप्पा" म्हटले.

यंदा मी संवत्सरीची वाट पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी दूरध्वनी करून नोंद तारीखवार सांगितली. वर्ष १९९६, इयत्ता नववी, कबड्डी, अमरावती. सही केली नाही. सांगितलेले कारण खोटे होते. खरे कारण माझी भीती होती.

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग तिने विचारले, "पप्पा, मी कोणत्या जागेवर खेळायचे, तुम्हांला माहीत आहे?"

मला माहीत नव्हते. मनिलाच्या सामन्यात शेवटची पेनल्टी कोणी मारली हे ज्याला तोंडपाठ, त्याने स्वतःच्या मुलीचा एकही सामना पाहिला नव्हता.

"डावा कोपरा," ती म्हणाली. "अख्ख्या जिल्ह्यात माझी पकड सुटत नव्हती." आणि मग ती सांगत राहिली. मैदान कसे होते, बाई कशा होत्या, तिच्या जागी अमरावतीला कोण गेले. मी ऐकत राहिलो. दूरध्वनी ठेवताना तिने क्षमा केली असे काही म्हटले नाही आणि मीही विचारले नाही. पूर्वी त्या विषयावर शब्दही निघत नसे. त्या दिवशी पाऊण तास निघाला.

आपल्या समाजात दरवर्षी गुणगौरव समारंभ होतात. दहावी-बारावीच्या टक्केवारीला, सनदी लेखापाल झालेल्यांना, तपस्या करणाऱ्यांना आपण मानाने व्यासपीठावर बोलावतो. ते उचितच आहे. त्या यादीत खेळाचा एक रकाना असावा आणि त्यात मुलींची नावे यावीत, अशी सूचना मी स्थानिक मंडळाकडे लेखी दिली आहे. पारितोषिकाची रक्कम फार मोठी लागत नाही. बंद होणाऱ्या खात्यातल्या २७० रुपयांनी काय केले ते वर सांगितलेच आहे. आणि ज्या घरात असा एखादा संमतिपत्राचा कागद आला असेल, त्या घरातील वडीलधाऱ्यांना विनंती एवढीच : चौकशी कडक करा, नकार द्यायचा तर अवश्य द्या, पण मुलीला खरे कारण सांगा.

क्षमापनेचा हा अंक असल्याने वाचकांचीही क्षमा मागतो, आणि तीही नोंदीसह. आषाढापासून आलेल्या सात पत्रांना मी उत्तर दिलेले नाही. ती टेबलावर आहेत. दिवाळीपूर्वी उत्तरे जातील. मिच्छामि दुक्कडम्.

नातीच्या कागदावर सही झाली. तिन्ही प्रश्नांची उत्तरे कन्येने शाळेत जाऊन स्वतः मिळवली. पहिला सामना दसऱ्यानंतर पुण्यात आहे आणि आमची दोघांची तिकिटे काढून झाली आहेत. आमच्या सौ. नी या प्रकाराला अद्याप मान्यता दिलेली नाही. सामना सूर्यास्तापूर्वी संपेल ना, एवढे मात्र त्यांनी मला दोनदा विचारले आहे.